ख्रिस्ताच्या मागे जायचंय ना, मग आधी बसून हिशोब करा

युथ कॅम्पच्या शेवटच्या रात्री गाणं रंगात आलेलं असताना हात वर करून "प्रभू, सगळं तुझं" म्हणणं सोपं असतं हो, सोमवारी सकाळी अवघड जातं. म्हणून असला निर्णय कॅम्पात घेऊच नका. घरी या, नीट झोप काढा आणि मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय उघडा. मागे गर्दी लागलेली असताना येशू त्यांना सांगतोय की बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्च काढा, आणि दहा हजार माणसं घेऊन वीस हजारांवर जाणारा राजासुद्धा आधी बसून विचार करतो.

तर वही घ्या. एका बाजूला लिहा मी काय सोडणार, आणि समोर लिहा त्याचा फटका कुणाला बसणार. ही दुसरी बाजू बहुतेक जण कोरीच ठेवतात. रोज संध्याकाळी प्रार्थनासभेला जाणार, छान, पण पोरांचा अभ्यास कोण घेणार? दशांशाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या, वर अजून देणार, मग आईच्या शुगरच्या गोळ्या कुणाच्या पगारातून येणार? मार्क ७ मधे येशू नेमका यावरच चिडलाय, पैसे "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलेत असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या लोकांवर.

आपल्याकडचं उदाहरण बघायचं तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघा. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि बिल आलं त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या नावावर. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन माहेरच्यांच्या आधारानं राहायचं, लोकांचं बोलणं खायचं, पुढे काही वर्षं नवराबायको वेगळे. टिळकांची तळमळ खरीच होती, १९१७ ला तर त्यांनी मिशनची नोकरीही सोडली, पण मला विचाराल तर त्या घरातला मोठा त्याग बाईंचा होता, आणि त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. वही नवऱ्याला किंवा बायकोला दाखवा आणि समोरचा गप्प बसला तर त्याला होकार समजू नका.

मग सुरुवात छोटी करा. लूक ९:२३ मधे वधस्तंभ "दररोज" उचलायला सांगितलाय, म्हणजे रोज जमेल असं काहीतरी धरा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासाच्या काळात ४० दिवस मटण सोडणं त्यामानाने सोपं, ईस्टरला बिर्याणी आहेच. बांधावरून भावाशी बोलणं बंद आहे ना, त्याला फोन लावा. क्वायरमधे वर्षानुवर्षं लीड तुम्हीच गाताय, या रविवारी माइक त्या नव्या मुलीला द्या आणि मागच्या रांगेत उभं राहून सेकंड गा, ती बेसूर झाली तरी तोंड वाकडं करायचं नाही. आणि याचं स्टेटस टाकू नका, मत्तय ६ मधे उपास करताना तोंड धुवून, डोक्याला तेल लावून फिरायला सांगितलंय.

पूर्णवेळ सेवेत जायचं मनात असेल तर अजून एक काम आहे. मानधन किती, घरभाडं कोण भरणार, आजारपणात काय, हे बोलवणाऱ्यांकडून कागदावर घ्या. "विश्वासाने चाला" एवढंच उत्तर मिळालं तर त्यांचा स्वतःचा पगार किती ते विचारा, थोडं वाईट दिसेल, दिसू दे.