वाचता येतं, पण समजत नाही: प्राथमिक वर्गांसाठी आकलनाचा सराव

‘उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ असं सांगतो तेव्हा आपण आकलन तपासतो, शिकवत नाही. आणि ती तपासणीही कच्चीच. हे वाक्य पाहा: ‘गबडूने लोमकं झरपलं.’ गबडूने काय केलं? लोमकं झरपलं. लोमकं कोणी झरपलं? गबडूने. दोन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण, अर्थ मात्र शून्य. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य उतरवायचं, ही युक्ती मुलं फार लवकर आत्मसात करतात.

म्हणून आधी अडतंय कुठे ते शोधा. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: वाचनाचं आकलन म्हणजे लिहिलेला शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून भागत नाही. सारख्याच अवघडपणाचे, साधारण १०० शब्दांचे दोन उतारे घ्या. एक तुम्ही वाचून दाखवा, दुसरा मुलाला वाचू द्या. प्रत्येक वेळी पुस्तक मिटून ‘काय झालं ते सांग’ एवढंच म्हणा.

ऐकलेलं सांगता आलं पण वाचलेलं नाही, आणि वाचताना मूल अडखळत असेल, तर अडचण जोडाक्षरांत किंवा वेगात आहे. सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात गेल्यावर अर्थासाठी उरत नाही. अशा मुलाला प्रश्नांचा भडिमार नको; रोज १० मिनिटं मोठ्याने वाचन, एकच उतारा तीन-चार वेळा. दोन्ही सांगता आलं नाही, तर शब्दसंपत्ती तोकडी आहे किंवा विषयच अनोळखी आहे. तिथे वाचून दाखवणं आणि गप्पा यांचा उपयोग. तिसरा प्रकार फसवा: मूल फाडफाड वाचतं, ऐकलेलं समजतं, पण वाचलेलं हाती लागत नाही. वाचताना अर्थावर लक्ष ठेवायचं असतं हेच त्याला कोणी दाखवलेलं नसतं. पुढचा सराव मुख्यतः याच मुलांसाठी.

उतारा निवडताना १०० शब्दांत पाचपर्यंत शब्द अडले तर चालेल. दहाच्या वर गेले तर तो उतारा आकलनाच्या सरावाला नको, तुम्हीच वाचून दाखवा. सुरुवातीला फक्त तीन-चार शब्द समजावून द्या, तेही ज्यांच्यावाचून अर्थच लागणार नाही असे. शीर्षक वाचून अंदाज बांधायला दोन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ घेतलात तर गोष्ट तुम्हीच सांगून टाकता आणि वाचण्यासारखं काही उरत नाही.

खरं शिकवणं होतं ते वाचनाच्या मधोमध. उताऱ्यात दोन-तीन थांबे आधीच पेन्सिलीने खुणावून ठेवा आणि तिथे तुमचा विचार मोठ्याने बोला. उदाहरणार्थ:

‘मीनाने छत्री कोपऱ्यात उभी केली. तिच्याखाली पाण्याचं छोटं तळं साचलं. आईने न बोलता टॉवेल पुढे केला.’

दुसऱ्या वाक्यावर थांबा. “‘तिच्याखाली’ म्हणजे कोणाच्या खाली? मीनाच्या की छत्रीच्या? आत्ताच छत्री कोपऱ्यात ठेवली, ती ओली असणार, म्हणजे छत्रीच्या.” सर्वनामाशी मुलं अडखळतात, पण तसं सांगत नाहीत, कारण वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या ओळखीचा असतो. तीच गत ‘ते आले’ची: माणसं बरीच की आदरार्थी एकच? ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ या शब्दांवरही असेच थांबे घ्या. ‘तरीही’ वाचल्यावर पुढे अपेक्षेच्या उलट काहीतरी येणार, हे मुलाला आधीच जाणवायला हवं.

आता प्रश्न. ‘छत्री कुठे ठेवली?’ याचं उत्तर ओळीतच आहे. ‘मीना भिजली होती का?’ याचं उत्तर कुठेही लिहिलेलं नाही. टॉवेलवरून काढावं लागतं. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न निम्मे तरी असू द्या. उत्तर बरोबर असो वा चूक, पुढचा प्रश्न ठरलेला: “कशावरून? त्या शब्दावर बोट ठेव.” फक्त चुकल्यावरच ‘कशावरून’ विचारलंत तर मुलं तो प्रश्न ऐकताच उत्तर बदलतात. आणि ‘आई रागावली होती का?’ या प्रश्नाला हो आणि नाही दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तिथे घाई करून निकाल देऊ नका.

स्वतःच्या समजेवर पहारा ठेवायला शिकवायचं असेल तर उताऱ्यात मुद्दाम एक विसंगत वाक्य घुसडा: वरच्या उताऱ्याच्या शेवटी ‘आज महिनाभर पावसाचा थेंब नव्हता’ असं. एक चूक लपली आहे एवढं सांगून शोधायला लावा. जमू लागलं की आधी न सांगता द्या.

गटासाठी पॅलिंक्सर आणि ब्राउन या संशोधकांची १९८४ मध्ये मांडलेली पद्धत चांगली: परिच्छेद झाला की एकाने सारांश सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेलं स्पष्ट करायचं आणि पुढचा अंदाज बांधायचा, मग पाळी दुसऱ्याची. त्यांचे विद्यार्थी सातवीचे होते. तिसरी-चौथीत चारही कामं एकदम दिलीत तर गोंधळ होतो. एकेका कामाला आठवडाभर द्या, सारांश शेवटी. पहिली-दुसरीत सारांशाऐवजी ‘कोणाला काय हवं होतं, अडलं कुठे, मग काय केलं’ एवढं तोंडी सांगता आलं की पुरे. माहितीपर उताऱ्याला मात्र हा साचा लागू पडत नाही. तिथे प्रत्येक परिच्छेदाला मुलाकडूनच दोन-तीन शब्दांचं शीर्षक द्यायला लावा. शीर्षकात पहिल्याच वाक्यातले शब्द जसेच्या तसे आले, तर परिच्छेद पुन्हा वाचायला हवा.