घाणेरी पुन्हा फुटू नये म्हणून

रत्नागिरीसारख्या शहरातील डोंगरउतारावर स्थानिक झाडे परत आणू पाहणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी मेहनत घाणेरी (टणटणी, म्हणजे बाहेरून येऊन रान व्यापणारे झुडूप) तोडण्यातच वाया जाते, कारण कोयत्याने बुंध्याशी तोडलेले झुडूप पहिल्याच पावसात आणखी दाट फुटते.

नवे कोंब खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून येतात, म्हणून घाव जमिनीच्या वर न घालता खाली घालावा. आधी फांद्या छाटून हात शिरेल एवढी जागा करावी, बुंध्याभोवतीची माती कुदळीने बाजूला सारावी आणि साधारण तीन बोटे खाली दिसणारे मुख्य मूळ तोडून वरचा भाग गाठीसकट उपटावा. उपटलेले झुडूप मुळे आकाशाकडे राहतील असे उलटे ठेवावे, म्हणजे मुळांना माती न लागता ती सुकतात. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात पहारीलाही दाद देत नाही. पावसाच्या सुरुवातीला माती ओली असताना हेच काम निम्म्या श्रमात होते. सगळे मूळ खणून काढण्याचा हट्ट नको, त्याने उताराची माती मोकळी होऊन वाहून जाते.

काळी फळे धरलेले झुडूप डोंगरावरून ओढत नेऊ नये, कारण वाटेत सांडलेली फळे पुढच्या वर्षी तिथेच उगवतात. ती आधी गोणीत काढून घ्यावीत. आणि घाव घालण्यापूर्वी पान चुरडून पाहावे: घाणेरीचा उग्र वास लगेच येतो, तर करवंदीचे पान तोडल्यावर पांढरा चीक येतो. करवंद मात्र जपायचे आहे.