लेखकाचं कपाट उघडण्याआधी

मामा गेले त्याला महिना झाला होता. सदाशिव पेठेतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि घर रिकामं करायची तारीख डोक्यावर आली होती. मामींनी मला बोलावलं. "कथा, पत्रं, काय काय आहे बघ रे. रद्दीवाला दोनदा विचारून गेलाय." एक लोखंडी कपाट, दोन ट्रंका आणि माळ्यावरचं एक गाठोडं. मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो आणि पहिलीच गोष्ट चुकीची केली. पत्रं पाकिटांतून काढून माणसांप्रमाणे लावली आणि रिकामी पाकिटं रद्दीत घातली. आठवड्याने वाचायला बसलो तेव्हा कळलं, अर्ध्याअधिक पत्रांवर तारीखच नाही. ती पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात होती. ते नुकसान आता भरून येणार नाही. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आधी काही हलवू नका

कपाट उघडा, पण हात लावू नका. प्रत्येक खणाचा, प्रत्येक फाईलचा, ट्रंकेच्या प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा. मग प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी घाला: "कपाट, खण २, फाईल ५". चिठ्ठी पेन्सिलने लिहा, कारण शाई ओल लागली की पसरते.

कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रमच पुष्कळ काही सांगतो. मामांच्या एका फाईलमध्ये कथेचे तीन खर्डे, दिवाळी अंकाच्या संपादकांचं एक कार्ड आणि दवाखान्याची चिठ्ठी एकत्र होती. कथेशी दवाखान्याचा काय संबंध, म्हणून ती मी बाजूला काढणार होतो. तारीख पाहिली. कथेचा शेवट बदलला त्याच आठवड्यातली होती. ती चिठ्ठी आजही त्याच फाईलमध्ये आहे.

काय ठेवायचं

घरच्यांचा ओढा छापलेल्या पुस्तकांकडे आणि सुवाच्य प्रतीकडे असतो. पण छापलेलं ग्रंथालयात मिळतं. मिळत नाही तो खर्डा, त्यातली खाडाखोड, समासातली टिपणं, वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेला परिच्छेद. मामांच्या एका कथेचं पहिलं वाक्य सात वेळा खोडलेलं आहे आणि छापलेल्या कथेत त्यातलं एकही नाही. लेखक कसा विचार करत होता हे अभ्यासकाला फक्त तिथे दिसतं. म्हणून एकाच मजकुराचे चार खर्डे असले तरी चारही ठेवा. दैनंदिन्या, मुद्रितं (छपाईआधी तपासायला आलेली पानं), मानधनाचे हिशेब, साभार परत आलेल्या कथांसोबतची पत्रं, हेही ठेवा. कोरे कागद आणि एकाच अंकाच्या जादा प्रती खुशाल काढा, पण टाकण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

कागदाची काळजी

टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढायचे. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो. तिच्याखाली जाड कागदाचा तुकडा सरकवा आणि टोक हळू उचला. धूळ मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झाडा. घड्या हलक्या हाताने उघडा. चिकटपट्टी लावलेली असेल तर उपटू नका आणि फाटलेल्या जागी नवी लावू नका. लॅमिनेशन तर कधीच नाही. उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा. त्यांच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावरही तपकिरी डाग पाडतं.

आम्लरहित कागदाची पाकिटं आणि खोके मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर धुऊन खळ काढलेलं सुती कापड चालतं. पेशवे दप्तरातले कागद अशाच कापडी रुमालांत बांधून राहिले. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जप. आजही सल्ला तोच आहे.

पुण्यात पाण्याचं भय खरं आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांत पाणी शिरलं होतं. गठ्ठे जमिनीवर, माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात गठ्ठे सोडू नका, दमट हवा पानांत शिरते. कागद भिजलाच तर उन्हात घालू नका. टीपकागदात ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. बुरशी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा आणि तोंडाला मास्क लावूनच हाताळा.

फोटो

इथे घाई करा, पण ती माणसांसाठी. मामींबरोबर मी तीन दुपारी बसलो. एका साहित्य संमेलनाच्या फोटोत अकरा जण होते. मी दोघांना ओळखलं, मामींनी नऊ जणांना. त्या नसत्या तर तो फोटो मुका राहिला असता. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा आणि बोलणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. नावं फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलने हलकी लिहा. बॉलपेन दाबलं की पुढून वळ उठतो. फोटो कडांना धरा, बोटांचा घाम उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सहज निघत नसेल तर ओढू नका, आधी आहे तसाच स्कॅन करा. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या इतरांपासून लांब ठेवा, ती फिल्म खराब होऊ लागली आहे.

स्कॅन करताना कागदांना ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), फोटोंना ६००. दोन्ही बाजू घ्या, पाकिटंसुद्धा. प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद टाकायचा नाही.

कुणाला द्यायचं

टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं, भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ची. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. पटकथा आणि चित्रपटांची छायाचित्रं असतील तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. प्रत्येकाचा विषय वेगळा, जागा मर्यादित. गठ्ठे घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी दोन पानांची यादी घेऊन भेटा आणि विचारा: कागद कुठे, कसे ठेवाल? वाचायला कुणाला द्याल? सूची कोण करणार? शक्यतो सगळा संग्रह एकाच संस्थेला द्या. तुकडे झाले की फायलींचा एकमेकींशी असलेला धागा तुटतो.

व्यवहार लेखी करा. दान की केवळ ठेव, छापायची परवानगी कोण देणार, हे देणगीपत्रात स्पष्ट हवं. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: मामांना आलेलं पत्र आपल्याकडे असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो. भारतात हा हक्क पत्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षं टिकतो. हयात माणसांची खासगी पत्रं काही वर्षं बंद ठेवावीत, अशी अटही घालता येते. यादीच्या दोन प्रती करा, पानोपानी दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत घरी ठेवा.

आणि घरच्यांना जे सोडवत नाही ते त्यांच्याकडेच राहू द्या. मामींनी लग्नाआधीचं एक पोस्टकार्ड मागून घेतलं. मी ते दोन्ही बाजूंनी स्कॅन केलं आणि फाईलमध्ये त्या जागी चिठ्ठी घातली: "मूळ कार्ड कुटुंबाकडे".