लेगसी चालते का? कॉलेजचा तक्ता असा वाचा

अमेरिकेत आई किंवा वडील ज्या कॉलेजातून शिकले तिथेच मुलाने अर्ज केला, की तो 'लेगसी', आणि या नात्यामुळे प्रवेशात त्याला झुकतं माप मिळू शकतं. हे न्याय्य आहे का, यावर वाद हवा तेवढा ऐकायला मिळतो. तुमच्या यादीतल्या कॉलेजात लेगसी चालते का, हे मात्र दहा मिनिटांत कळतं.

कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेज स्वतःबद्दलची माहिती ठरावीक नमुन्यात देतं ती फाइल) टाकून शोधा, सर्वांत ताज्या वर्षाची फाइल उघडा आणि थेट सी-७ या तक्त्यावर जा. 'अ‍ॅल्युम्नाय रिलेशन', म्हणजे माजी विद्यार्थ्याशी नातं, ही ओळ शोधा. समोर चार रकाने असतात: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. घाईत 'फर्स्ट जनरेशन' या लगतच्या ओळीची फुली वाचली जाते, आणि तिचा अर्थ नेमका उलटा: घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी.

जुनी फाइल फसवते. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने लेगसी २०२१ मध्ये सोडली, वेस्लियन विद्यापीठाने २०२३ मध्ये. राज्याचा कायदाही बघा. कोलोरॅडो, व्हर्जिनिया आणि इलिनॉयमध्ये बंदी सरकारी कॉलेजांपुरती आहे. मेरीलँडमध्ये खासगी कॉलेजंही त्यात येतात. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ पासून खासगी कॉलेजांना मनाई केली, पण दंड ठेवला नाही. नियम मोडणाऱ्याचं नाव जाहीर होतं, एवढंच. म्हणून कायद्यावर विसंबून तक्ता बघायचं टाळू नका.

'विचारात घेतो' म्हणजे किती, हे तक्ता सांगत नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांत लेगसी अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्के निवडले गेले होते, बाकीच्यांपैकी ६ टक्क्यांच्या आसपास. पण हा सगळा फरक लेगसीच्या खात्यावर टाकू नका. ही मुलं बहुधा सधन, चांगल्या शाळांतली असतात, त्यांचे अर्ज तसेही भक्कम असतात.

आपल्याकडच्या घरांत खरी गफलत पुढे होते. वडिलांनी तिथून फक्त एम.एस. केलेलं असतं, आणि काही कॉलेजं पदवीपूर्व शिक्षणच धरतात. काका, मावशी सहसा मोजलेच जात नाहीत. अर्जाच्या कुटुंब विभागात पालकांचं कॉलेज, पदवी आणि वर्ष खरं भरा, आणि एम.एस. धरतात का हे प्रवेश कार्यालयाला दोन ओळींच्या ईमेलने विचारा. निबंध मात्र वडिलांच्या कॉलेजावर खर्चू नका; ती माहिती अर्जात आधीच गेलेली असते.