वर्तमानपत्राच्या कागदाची रोपकुंडी

वसंतात बियांपासून वाढवलेली रोपे उपटून वाफ्यात लावताना कोवळी मुळे तुटतात आणि रोपे माना टाकतात. काकडी-भोपळ्यासारख्या वेलींना तर ही ओढाताण मुळीच सोसत नाही. रद्दीच्या कागदाची कुंडी केल्यास रोप कुंडीसकट मातीत जाते आणि विकतच्या पिशव्यांचा खर्चही वाचतो.

1. वर्तमानपत्राची सुमारे 12 सेंटीमीटर रुंदीची दुहेरी पट्टी लहान बरणीभोवती सैलसर गुंडाळावी व तळाखाली 4 सेंटीमीटर कागद मोकळा सोडावा. चकचकीत कागद लवकर कुजत नाही, म्हणून तो घेऊ नये.

2. मोकळा कागद आत दुमडून बरणी जमिनीवर दाबावी आणि हलकेच ओढून काढावी. डिंकाची गरज नाही. ओल्या मातीच्या भाराने घडी आपोआप बसते.

3. माती भरून बी पेरावे, कुंड्या ताटात एकमेकींना खेटून ठेवाव्यात (सुट्या असल्या की त्या हमखास कलंडतात) आणि मुळे धरेपर्यंत माती ओलसर राखावी.

कागदातून पांढरी मुळे डोकावू लागली की रोप लावण्याजोगे झाले. मात्र लावताना कागदाची कड मातीबाहेर राहिल्यास ती वातीसारखा ओलावा वर खेचते आणि मुळांभोवतीची माती सुकते, म्हणून वरचा भाग फाडून टाकावा किंवा पूर्ण गाडावा.