बकलिंग विश्लेषणात ग्लोबल आणि लोकल मोड वेगळे करताना या चुका टाळा

बकलिंग म्हणजे दाबाखालचा भाग अचानक बाजूला वाकणे, आणि मोड म्हणजे त्या वाकण्याचा एक संभाव्य आकार. विश्लेषण पूर्ण होते, यादीच्या माथ्यावरचा लोड फॅक्टर (लावलेला भार किती पट झाल्यावर बकलिंग होईल तो आकडा) दिसतो आणि तोच संपूर्ण सांगाड्याचा क्रांतिक भार म्हणून अहवालात जातो. बकलिंगच्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. सॉफ्टवेअर मोड फक्त लोड फॅक्टरच्या चढत्या क्रमाने मांडते. पहिला मोड आख्ख्या कॉलमचा, म्हणजे ग्लोबल, आहे की एखाद्या पातळ प्लेटवर उठलेल्या लाटांचा, म्हणजे लोकल, हे त्याला ठाऊक नसते. ती ओळख अभियंत्यालाच पटवावी लागते, आणि त्यासाठी उत्तर साधारण किती यायला हवे याची आकडेमोड विश्लेषणापूर्वीच हाताने केलेली असणे आवश्यक आहे.

मागितलेले मोड अपुरे असणे

दोन्ही टोकांना पिन (फिरू देणारा पण बाजूला सरकू न देणारा आधार) असलेला, ९ मीटर लांबीचा, ३०० मिमी बाजूचा आणि ६ मिमी जाडीच्या प्लेटचा चौरस बॉक्स कॉलम घ्या. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २,१०,००० मेगापास्कल धरला, तर ऑयलरच्या सूत्रानुसार कॉलमचा ग्लोबल क्रांतिक ताण सुमारे ३८४ मेगापास्कल येतो. चारही कडांना साधा आधार असलेल्या प्लेटचा बकलिंग गुणांक ४ घेतल्यास लोकल क्रांतिक ताण सुमारे ३०४ मेगापास्कल येतो. म्हणजे लोकल मोड आधी येणार, हे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच कळते.

खरी अडचण पुढे आहे. प्लेटची अर्धलाट साधारण तिच्या रुंदीएवढी, म्हणजे ३०० मिमीची असते, त्यामुळे ९ मीटर लांबीत ३० अर्धलाटा बसतात. परंतु २९ किंवा ३१ अर्धलाटांनाही जवळपास तेवढाच ताण पुरतो, कारण ३० ऐवजी ३१ घेतल्या तर फरक जेमतेम ०.१ टक्का पडतो. याच सूत्राने पुढे मोजत गेल्यास १९ पासून ४९ अर्धलाटांपर्यंतचे ३१ लोकल मोड ३८४ मेगापास्कलच्या आतच येतात. ज्याने दहा मोड मागवले, त्याला ग्लोबल मोड दिसणारच नाही, आणि तो मोड अस्तित्वातच नाही असा समज करून घेण्याचा धोका राहतो. अशा वेळी मोडची संख्या वाढवत बसण्यापेक्षा, सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास, शोधाचा आरंभबिंदू हातच्या उत्तराच्या जरा खाली ठेवावा. या उदाहरणात ३५० मेगापास्कलशी जुळणाऱ्या लोड फॅक्टरपासून वर शोध घेतला, तर ग्लोबल मोडपूर्वी केवळ आठेक लोकल मोड उरतात.

फक्त ॲनिमेशन पाहून निर्णय घेणे

मोड शेपमधील विस्थापनांना प्रत्यक्ष मोजमाप नसते. बहुतेक वेळा सर्वांत मोठे विस्थापन १ मानून बाकीचे त्या प्रमाणात दाखवले जाते. त्यामुळे प्लेटच्या मध्यभागी मोठी लाट असली की कॉलमचा हलका बाक नजरेतून निसटतो. डोळ्यांवर विसंबण्याऐवजी सेक्शनच्या (आडव्या छेदाच्या) कोपऱ्यांवरील नोडची, म्हणजे मॉडेलच्या बिंदूंची, विस्थापने वेगळी काढून पाहावीत. लोकल मोडमध्ये कोपऱ्याची रेषा जवळजवळ सरळ राहते आणि नोड फक्त फिरतात. ग्लोबल मोडमध्ये सेक्शनचा आकार न बिघडता तो संपूर्णपणे सरकतो किंवा पिळला जातो. मुडपलेल्या कडांच्या कोल्ड-फॉर्म्ड (पत्रा थंड अवस्थेत वाकवून केलेल्या) सेक्शनमध्ये यांच्या मधला डिस्टॉर्शनल मोडही असतो, ज्यात फ्लँज आणि त्याची मुडपलेली कड मिळून हलते. त्याला लोकल समजून सोडून देऊ नये. अशा सेक्शनसाठी फायनाइट स्ट्रिप पद्धतीचा (सेक्शनचे लांबीच्या दिशेने पट्टे पाडून सोडवण्याच्या) अर्धलाट-लांबीचा आलेख शेल मॉडेलपेक्षा (प्लेटच्या लहान पातळ तुकड्यांनी बनवलेल्या) अधिक स्पष्ट बोलतो, असे माझे मत आहे.

लोकल मोड दाबण्यासाठी जाडी वाढवणे

जाडी दुप्पट केली की क्षेत्रफळ आणि जडत्व आघूर्णही सुमारे दुप्पट होते, म्हणजे जो ग्लोबल मोड शोधायचा तोच बदलतो. त्याऐवजी शेल एलिमेंटची पडद्यासारखी, म्हणजे मेम्ब्रेन कडकता तशीच ठेवून फक्त आडव्या दिशेची वाकण कडकता वाढवावी. पिळाशी निगडित कडकतेला मात्र हात लावू नये, कारण उघड्या सेक्शनची टॉर्शनल कडकता थेट तिच्यातून येते, आणि ती वाढवल्यास लॅटरल-टॉर्शनल बकलिंगचा (तुळई बाजूला सरकून पिळण्याचा) आकडा खोटा मोठा होतो. हे मॉडेल केवळ ओळख पटवण्यासाठी आहे. लोकल बकलिंगचा हिशेब प्रभावी रुंदीच्या (प्लेटची भार घेणारी रुंदी कमी धरण्याच्या) नियमांनी स्वतंत्रपणे आणि एकदाच करावा.

बीम एलिमेंट (आख्खा सेक्शन एका रेषेने दाखवणारा) वापरल्यास प्लेटचे लोकल मोड मुळातच येत नाहीत, पण तिथेही दोन सापळे आहेत. पिन टोकांच्या संपूर्ण कॉलमला एकच एलिमेंट दिला तर क्रांतिक भार सुमारे २१.६ टक्के जास्त येतो. दोन एलिमेंट दिले की चूक १ टक्क्याच्या आत येते. आणि प्रत्येक नोडला सहाच स्वातंत्र्ये असलेल्या साध्या बीम एलिमेंटमध्ये वॉर्पिंग (पिळताना सेक्शनचे लांबीच्या दिशेने वाकडे होणे) नसते, म्हणून लॅटरल-टॉर्शनल मोडसाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

ब्रेसिंगच्या मोडांचा गोंधळ

फुलीच्या ब्रेसिंगमधील सडपातळ सळ्या प्रत्यक्षात फक्त ओढ (टेन्शन) घेतात, परंतु रेषीय बकलिंग विश्लेषण त्यांना दाबातही धरते आणि पहिले कित्येक मोड त्यांच्याच वाकण्याने भरून जातात. दाबातील सळ्या त्या लोड केससाठी काढून टाकाव्यात. युरोकोड ३ या युरोपीय पोलाद-बांधकाम संहितेत लवचिक विश्लेषणात द्वितीय-क्रम परिणाम (सांगाडा वाकल्यामुळे वाढणारी बले) सोडता येण्यासाठी लोड फॅक्टर किमान १० असावा अशी अट आहे, पण ती फ्रेमच्या ग्लोबल मोडशी ताडून पाहायची असते. सळीच्या मोडशी ताडून पाहिल्यास निष्कर्षच चुकतो.

याच्याशीच जोडलेली चूक म्हणजे एका मोडच्या लोड फॅक्टरवरून सर्व कॉलमच्या प्रभावी लांब्या (तेवढ्याच क्रांतिक भाराच्या पिन टोकांच्या कॉलमची लांबी) काढणे. ज्या कॉलमवर भार अगदी कमी आहे आणि जो त्या मोडमध्ये सक्रियच नाही, त्याची प्रभावी लांबी अशाने अवास्तव मोठी येते.

अपूर्णतेचा आकार तपासल्याशिवाय घेणे

अरेषीय विश्लेषणासाठी अपूर्णता, म्हणजे सुरुवातीचा वाकडेपणा, म्हणून पहिला मोड घेऊन त्याला लांबीच्या एक हजारांश एवढे मोठेपण दिले, तर सुरुवातीच्या उदाहरणातल्या कॉलममध्ये प्लेटच्या लाटांना ९ मिमी उंची मिळते. युरोकोड ३ च्या प्लेट-विषयक भागातील रुंदीच्या २०० व्या भागाच्या नियमाने ती १.५ मिमी असायला हवी. कॉलमचा बाक आणि प्लेटच्या लाटा यांना आपापली मोजमापे स्वतंत्र द्यावीत.

आता तोच कॉलम १० मीटर लांब करा. ग्लोबल क्रांतिक ताण ३११ मेगापास्कलवर येतो आणि लोकल ३०४ वरच राहतो. इतक्या जवळ आलेले मोड प्रत्यक्षात एकमेकांत मिसळतात, कॉलमची अपूर्णतेबाबतची संवेदनशीलता वाढते आणि खरी वहनक्षमता दोन्ही आकड्यांच्या खाली जाऊ शकते. इथे मोड वेगळे करण्याचा आग्रह सोडून, दोन्ही अपूर्णता एकाच वेळी घालून आणि पोलादाचे यील्डिंग (कायमची विकृती सुरू होणे) धरून केलेले अरेषीय विश्लेषणच ग्राह्य मानावे.