फुफ्फुसाचं वय सांगून बिडी-सिगारेट सोडवताय? या चुका टाळा

नागपुरात गेली 15 वर्षं मी फुंकायची टेस्ट करते. कागदावर तिला स्पायरोमेट्री म्हणतात, वॉर्डात पीएफटी. नळीत जोर लावून फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली (एफईव्ही-1) आणि एकूण किती आली (एफव्हीसी) हे मशीन मोजतं. त्यावरून 'तुमचं फुफ्फुस अमुक वर्षांच्या माणसासारखं झालंय' असं सांगता येतं. फुफ्फुसाच्या वयाची ही कल्पना मॉरिस आणि टेम्पल या अमेरिकन संशोधकांनी 1985 मध्ये मांडली, आणि मांडली तीच मुळी सिगारेट सोडायला माणसाला उभारी यावी म्हणून. आता हातात मावणारी मशीन आली आहेत, बहुतेक शिबिरांत एक असतंच, आणि तो आकडा लोकांच्या अंगावर असा फेकला जातो की बघवत नाही. त्याच त्या चुका पाहून जीव थकला, म्हणून लिहितेय. शिबिरं घेणाऱ्या पोरापोरींसाठी, नव्या टेक्निशियनसाठी, आणि घरच्या माणसाला टेस्टला घेऊन येणाऱ्यांसाठीही.

अर्धवट फुंकेवर वय सांगणं

माझ्या मते सगळ्यात वाईट चूक ही. कारण यात खोटं बोलायचा कोणाचाच हेतू नसतो आणि तरी माणूस हातचा जातो.

काही वर्षांपूर्वी वाडीला ट्रक ड्रायव्हरांचं शिबिर होतं. मे महिना, मांडव, कोपऱ्यात एक कूलर, आणि दोन तासांत 90 जण उरकायचे होते. मशीनवर एक उत्साही मुलगा होता. उंची मोजायची पट्टी आणलीच नव्हती, म्हणून तो प्रत्येकाला 'काका, उंची किती?' असं विचारून आकडा भरत होता. एका 52 वर्षांच्या ड्रायव्हरकाकांनी 5 फूट 7 इंच सांगितलं. फुंक एकदाच घेतली, तीही मध्येच तुटली. मशीनने फुफ्फुसाचं वय दाखवलं 78, आणि मुलाने ते मोठ्याने वाचलं. रांगेतले लोक हसले. काका नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर? मंग आता सोडून का फायदा जी?" आणि मांडवाबाहेर जाऊन त्यांनी बिडी पेटवली.

मी त्यांच्या मागे गेले. खूप विनवून दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत बोलावलं, आणि माझं नशीब, ते आले. चप्पल काढायला लावून भिंतीला पाठ टेकवून उंची मोजली: 5 फूट 4 इंच. नाकाला क्लिप लावली, चार वेळा फुंकून घेतलं, त्यातल्या तीन फुंका नीट जमल्या. पहिल्या सेकंदाची हवा आदल्या दिवशी 2.4 लिटर होती, आज 2.75. त्याच सूत्राने वय आलं 58.

20 वर्षांचा फरक कुठून आला हे एकदा वहीवर मांडून बघा. मॉरिस-टेम्पलच्या सूत्रात पुरुषांसाठी दर इंचाला 2.87 वर्षं वाढतात आणि एफईव्ही-1 च्या दर लिटरला 31.25 वर्षं कमी होतात. म्हणजे तीन इंच उंची जास्त भरली की साडेआठ वर्षं वाढली, आणि 350 मिलिलिटर कमी फुंकलं की आणखी अकरा. माणसाचं फुफ्फुस तेच, म्हातारं झालं ते आपल्या घाईने.

आणि ते 58 सुद्धा मी दगडावरची रेघ मानत नाही. हे सूत्र अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या मोजमापांवर बेतलेलं आहे. आपल्याकडच्या निरोगी माणसाची फुफ्फुसं त्याच उंचीला मुळातच थोडी कमी भरतात, त्यामुळे मशीनमध्ये परदेशी मापदंड निवडलेला असेल तर आपला धडधाकट माणूसही वयस्कर दिसतो. मशीन हातात आलं की आधी सेटिंगमध्ये जाऊन कोणता मापदंड निवडलाय ते बघा. भारतीय असेल तर तो ठेवा. मी नेमकं एक वय सांगत नाही. "तुमच्या वयाच्या मानाने फुफ्फुस थोडं पुढे गेलंय" किंवा "बरंच पुढे गेलंय" एवढंच सांगते, आणि आलेख समोर ठेवते.

माझी सवय अशी: उंची स्वतः मोजायची, अनवाणी. मशीन रोज सकाळी 3 लिटरच्या सिरिंजने तपासायचं. आदल्या तासाभरात बिडी-सिगारेट ओढली आहे का ते विचारायचं. निदान तीन चांगल्या फुंका हव्यात, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोनमध्ये 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक फुंक दम संपेपर्यंत, सहा सेकंद तरी. आठ वेळा फुंकूनही जमलं नाही तर त्या दिवशी आकडा सांगायचाच नाही, परत बोलवायचं. 90 जणांना खोटा आकडा देण्यापेक्षा 20 जणांना खरा द्या. आयोजक नाराज होतात, होऊ द्या.

टेस्ट कोणाची करायची नाही हे न विचारणं

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, थुंकीतून रक्त: आधी बेडका तपासायला पाठवा, त्याच्या तोंडी नळी देऊ नका. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर फुंकायला लावू नका. हे प्रश्न रांगेतच विचारून घ्या.

'नॉर्मल आहे' म्हणून कागद हातात देणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि घरातच.

माझे मामाजी, म्हणजे सासरे, इतवारीत दुकानावर बसायचे. दिवसाला दहा-बारा सिगारेटी. माझ्यासमोर कधी ओढली नाही. मी गल्लीत दिसले की हात मागे जायचा. एकदा आपणहून म्हणाले, "सुनबाई, ते तुझं फुंकायचं मशीन, माझंही बघून घे." त्या एका वाक्यात किती मोठं दार उघडलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. टेस्ट केली. एफईव्ही-1 आणि एफव्हीसीचं गुणोत्तर 0.70 च्या वर, सगळं मर्यादेत. मी घाईत होते, बाहेर पेशंट बसले होते. "मामाजी, रिपोर्ट नॉर्मल आहे," म्हटलं आणि पुढच्याला आत बोलावलं. घरी गेल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "पास झालो." पुढची सहा वर्षं सिगारेटचा विषय निघाला की तोच कागद कपाटातून बाहेर यायचा. सातव्या वर्षी इनहेलर आला. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात, आणि मला तो दिवस आठवतो.

'नॉर्मल' म्हणजे फक्त एवढंच की आज, या टेस्टमध्ये, हवेचा मार्ग अडलेला दिसला नाही. कॅन्सर, हृदय, रक्तवाहिन्या यांच्याबद्दल हा कागद एक अक्षर बोलत नाही. फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांची झीज सुरू झाली असली तरी ती या टेस्टमध्ये उशिरा दिसते.

नॉर्मल रिपोर्टचा सोडण्यासाठी उपयोग नाही, असं मात्र अजिबात नाही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरच्या पाच दवाखान्यांत 35 वर्षांवरच्या 561 सिगारेट ओढणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो 2008 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. टेस्ट सगळ्यांची केली, सोडायचा सल्लाही सगळ्यांना दिला. अर्ध्यांना एफईव्ही-1 चा कोरडा आकडा कळवला, बाकीच्यांना फुफ्फुसाचं वय आलेखासकट समजावून सांगितलं. वर्षाने थुंकी तपासून खातरजमा केली, तेव्हा आकडेवाल्यांपैकी 6.4 टक्के सुटले होते आणि समजावून सांगितलेल्यांपैकी 13.6 टक्के. नवीन मुलांनी पाठ करावी अशी गोष्ट यापुढची आहे: ज्यांचं वय वाईट आलं तेच जास्त सुटले, असं झालं नाही. चांगलं आलेलेही तेवढेच सुटले. म्हणजे काम भीतीने केलं नव्हतं, समजावण्याने केलं होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका ठळक फरक दिसलेला नाही आणि नुसत्या टेस्टच्या भरवशावर राहण्याइतका पुरावा नाही, हेही खरं. म्हणूनच मी टेस्टला औषध समजत नाही. ती बोलणं सुरू करण्यासाठी असते.

आता नॉर्मल आला की मी कागद माझ्या हातातच ठेवते. पाठीमागे पेनने एक उताराची रेघ काढते आणि म्हणते, "सेमिनरी हिल्सवरून सायकल खाली येते तसं आपल्या सगळ्यांचं फुफ्फुस वयाबरोबर उतरतं. सिगारेट ओढणारा पायडल मारत उतरतो. तुम्ही अजून वरच आहात, आत्ता पायडल थांबवलं तर सगळ्यात जास्त वाचेल ते तुमचंच." मग कागद देते. तीन मिनिटं लागतात. मामाजींसाठी मला ती तीन मिनिटं काढता आली नाहीत.

'सोडा, फुफ्फुस नव्यासारखं होईल'

होत नाही, आणि असं सांगितलं की सहा महिन्यांनी माणूस येऊन विचारतो, 'नवं कुठे झालं?' गेलेलं बहुतांशी परत येत नाही, पण उतरण्याचा वेग कमी होतो. लंडनच्या पुरुषांवरच्या अभ्यासातून फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 मध्ये हेच दाखवलं. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत 5,887 जण होते. 11 वर्षांनी पाहिलं तर ओढत राहिलेल्या पुरुषांची एफईव्ही-1 वर्षाला सुमारे 66 मिलिलिटरने घटत होती, सोडून तसेच राहिलेल्यांची सुमारे 30 ने. निम्म्याहून कमी. हे खरं सांगा, खरं पुरेसं आहे.

तीन गोळ्यांचं खेळणं

कोविडनंतर घरोघरी ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र आलंय. तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून फुफ्फुस ठणठणीत, असं समजू नका. ते श्वास आत ओढण्याच्या व्यायामाचं साधन आहे. बिडी-सिगारेटने आधी बिघडतं ते बाहेर टाकणं. मोबाइलवर श्वास रोखून धरायचे व्हिडिओ फिरतात, त्यांनाही टेस्ट म्हणू नका.

चारचौघांत आकडा, किंवा बायकोच्या हातात आकडा

दोन्ही नको. घरी भांडणात वापरला गेलेला रिपोर्ट पुन्हा कामाला येत नाही. आधी त्याला एकट्याला सांगा आणि विचारा, "घरी सांगू का?"

वर्षभर दुसरं काही न दाखवणं

स्पायरोमेट्रीचा आकडा महिन्याभरात फारसा हलत नाही. सोडणाऱ्याला मात्र तिसऱ्याच दिवशी काहीतरी दिसायला हवं असतं. त्यासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं मशीन फार कामाचं आहे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो, पण धूर बंद झाला की एक-दोन दिवसांत आकडा न ओढणाऱ्यासारखा होतो. 15 सेकंद श्वास धरायचा आणि हळू फुंकायचं. सोमवारी 22 आणि गुरुवारी 3 बघून कळमन्याच्या एका हमालकाकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला होता.

'वीसच्या आठवर आणल्या' म्हणणाऱ्यालाही हेच मशीन खरं दाखवतं. तो आठ बिड्या इतक्या खोल ओढतो की आकडा जिथल्या तिथे. त्याला रागवू नका. कमी करणं आणि सोडणं वेगळं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. सकाळी चुलीपाशी बसून आलेल्या माणसाचा आकडा थोडा वाढलेला असू शकतो, ते आधी विचारा.

खर्रा

नागपुरात हे लिहिलं नाही तर बाकी सगळं फुकट. बिडी सुटते आणि त्याच पानठेल्यावर खर्रा सुरू होतो. कार्बन मोनॉक्साइडचं मशीन शून्याजवळ दाखवतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी गालात असते. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांचं तोंड तीन बोटंही उघडत नाही, नळी धरायला ओठ फाकत नाहीत. म्हणून मशीन लावण्याआधी मी तोंड उघडायला सांगते. दर भेटीला. 'ओढता का?' एवढं विचारून थांबू नका, 'खाता का?' हेही विचारा.

बिडी-तंबाखू सोडायला देतात तो निकोटिनचा गमही लोक खर्ऱ्यासारखाच चघळतात, मग उचक्या, मळमळ, आणि 'हे मले सूट नाही होत'. सावकाश चावायचा, तिखट झिणझिण आली की गालात ठेवायचा, ती गेली की पुन्हा चावायचा. हे करून दाखवा. 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. सोडायची औषधं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आकडा सांगून घरी पाठवणं

आकड्याने माणूस हलतो तो एक-दोन दिवसच, आणि तलफेचा जोर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे टेस्टच्या खुर्चीवरून उठायच्या आधी सोडायची तारीख ठरवा, तीही आठवड्याच्या आतली. सरकारची फुकट क्विटलाइन आहे, 1800-11-2356. नंबर लिहून देऊ नका, त्याच्याच मोबाइलमधून तुमच्यासमोर लावून द्या. माझ्या वहीत दर माणसापुढे चार रकाने आहेत: तिसरा दिवस, सातवा दिवस, महिना, सहा महिने. तिसऱ्या दिवशीचा फोन मी कधीही चुकवत नाही. परत ओढायला लागलेला माणूस फोन उचलत नाही, म्हणून दोन नंबर घ्या, एक त्याचा आणि एक तो ज्याचं ऐकतो त्याचा. ट्रकवाल्यांकडून मालकाचा नंबर घेऊ नका.